समीक्षकांनी सत्तर टक्के दिले, तरी 'डार्क फेट' का पडला?

'टर्मिनेटर: डार्क फेट' २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये जगभर प्रदर्शित झाला. चित्रपट-परीक्षणांची मोजणी करणाऱ्या 'रॉटन टोमॅटोज' या संकेतस्थळावर त्याला सुमारे ७० टक्के मिळाले. त्याच्या आधीचा, २०१५ चा 'टर्मिनेटर जेनेसिस' त्याच ठिकाणी २५-२७ टक्क्यांच्या घरात अडकला होता. म्हणजे समीक्षकांची पसंती जवळजवळ अडीचपट वाढली. तिकीटबारीवर मात्र उलटंच झालं. 'जेनेसिस'ने जगभरात सुमारे ४४ कोटी डॉलर जमवले, तर 'डार्क फेट' २६ कोटींच्या आसपास थांबला. चित्रपट तयार करायलाच साडेअठरा कोटी किंवा त्याहून जास्त लागले होते. तिकिटाच्या पैशातला जवळपास निम्मा वाटा चित्रपटगृहांकडे राहतो आणि जाहिरातीचा खर्च वेगळा असतो. त्यामुळे बारा-तेरा कोटी डॉलरच्या तोट्याचे अंदाज तेव्हा लगेच छापून आले.

समीक्षकांनी झोडपलेला चित्रपट चालला आणि बरा म्हटलेला पडला. यावरून 'समीक्षकांना लोकांची आवड कळत नाही' असं म्हणून मोकळं होणं सोपं आहे, पण ते खरं नाही. समीक्षकांनी नेमकं काय म्हटलं होतं ते नीट वाचलं, तर त्या सत्तर टक्क्यांमध्येच चित्रपट पडण्याची बरीचशी कारणं दिसतात. (पुढे कथानकातली महत्त्वाची वळणं सांगितली आहेत. चित्रपट पाहायचा राहिला असेल तर आधी तो पाहा.)

आधी त्या टक्क्यांचा हिशेब समजून घेऊ. 'रॉटन टोमॅटोज' प्रत्येक परीक्षणाला एकच प्रश्न विचारतं: चित्रपट आवडला की नाही? किती आवडला, हे त्या मोठ्या आकड्यात येतच नाही. समजा दहा समीक्षकांनी एका चित्रपटाला दहापैकी सहा-सहा गुण दिले. सगळ्यांचं मत 'ठीक आहे' एवढंच, पण ते होकारात मोजलं जातं आणि चित्रपटाला १०० टक्के मिळतात. दुसऱ्या चित्रपटाला पाच जणांनी दहापैकी दहा दिले आणि पाच जणांनी चार. त्याची सरासरी सात, म्हणजे पहिल्यापेक्षा जास्त. तरी टक्के ५०, आणि ६० च्या खाली म्हणून त्याच्यावर 'सडका' असा शिक्का. ज्याच्यावर निम्मे लोक जीव टाकतात तो नापास आणि ज्याच्याबद्दल कुणालाच फारसं काही वाटत नाही तो पहिला! हा आकडा खोटा नाही, पण त्यातून मतांची तीव्रता कळत नाही.

'मेटाक्रिटिक' वेगळ्या पद्धतीने मोजतं. तिथे प्रत्येक परीक्षणाला शंभरपैकी गुण दिले जातात, काही प्रकाशनांना जास्त वजन असतं आणि मग सरासरी काढली जाते. तिथे 'डार्क फेट'ला ५४ मिळाले. परीक्षणं बरीचशी तीच, पण एकीकडे ७० आणि दुसरीकडे ५४. याचा सरळ अर्थ असा की होकार देणारे बहुसंख्य होते, पण तो होकार कोमट होता.

प्रत्यक्ष परीक्षणं वाचली की हा कोमटपणा लगेच जाणवतो. त्या वेळी सगळीकडे एक वाक्य फिरत होतं: दुसऱ्या भागानंतरचा हा सर्वांत चांगला 'टर्मिनेटर'. ऐकायला ही मोठी शाबासकी वाटते. पण दुसऱ्या भागानंतर आले तरी कोणते चित्रपट? २००३ चा 'राइज ऑफ द मशीन्स', २००९ चा 'सॅल्व्हेशन' आणि २०१५ चा 'जेनेसिस'. शेवटचे दोन समीक्षकांनी धुडकावले होते. त्यांच्या शेजारी उभं राहिल्यावर उंच दिसणं फार अवघड नव्हतं. गंमत म्हणजे २००३ च्या भागाला 'रॉटन टोमॅटोज'वर 'डार्क फेट'इतकेच, सत्तरच्या आसपास टक्के आहेत आणि 'मेटाक्रिटिक'वर तो ६६ वर, म्हणजे बराच वर आहे. सोळा वर्षांत तो भाग लोकांच्या मनातून उतरला आणि मग त्याच्याशी तुलना करणंही सोयीचं झालं.

खूप उशिरा येणाऱ्या सिक्वेलच्या परीक्षणात हे नेहमी होतं. समीक्षक एका वेळी दोन मोजमापं वापरत असतो. एक मालिकेतल्या सर्वोत्तम भागाचं आणि दुसरं नुकत्याच फसलेल्या भागाचं. चित्रपट दोन्हींच्या मध्ये पडतो. होकार मिळतो तो दुसऱ्या मोजमापाने आणि परीक्षणात हळहळ उतरते ती पहिल्याने. वाचकाच्या हाती टक्के येतात तेव्हा ही हळहळ गळून पडलेली असते.

'टर्मिनेटर'च्या बाबतीत पहिलं मोजमाप फारच कठोर आहे. १९८४ चा पहिला चित्रपट जेम्स कॅमेरॉनने साठ-पासष्ट लाख डॉलरमध्ये केला. भविष्यातून आलेलं एक यंत्र एका साध्या वेट्रेसच्या मागे लागतं, कारण तिचा अजून न जन्मलेला मुलगा पुढे यंत्रांविरुद्धच्या लढ्याचा नेता होणार असतो. १९९१ च्या दुसऱ्या भागात तीच सारा कॉनर पेटून उठलेली, लढायला तयार झालेली दिसते, आणि तसंच एक यंत्र आता तिच्या मुलाचं रक्षण करतं. त्या चित्रपटाने जगभरात ५२ कोटी डॉलरच्या आसपास कमाई केली आणि दृश्य परिणामांसह चार ऑस्कर मिळवले. पण खरी अडचण त्याच्या शेवटात आहे. सारा जिंकते. यंत्रांकडून २९ ऑगस्ट १९९७ ला होणारा माणसांचा संहार टळतो. गोष्ट पूर्ण होते, आणि इतकी नीट पूर्ण होते की पुढे काही सांगायचं तर आधी हा विजय मोडावाच लागतो.

प्रत्येक सिक्वेलने तो मोडला. तिसऱ्या भागाने सांगितलं, संहार टळला नव्हता, फक्त लांबला होता. 'सॅल्व्हेशन'ने गोष्ट थेट युद्धाच्या काळात नेली. 'जेनेसिस'ने काळाची सगळी मांडणीच उलटीपालटी केली आणि ज्याच्यासाठी हा सगळा आटापिटा चालला होता त्या साराच्या मुलालाच, जॉन कॉनरला, खलनायक केलं. ही कलाटणी ट्रेलरमध्येच उघड झाली होती. 'डार्क फेट'ने या तिघांना नसल्यासारखं मानलं आणि दुसऱ्या भागापासून पुन्हा सुरुवात केली. पहिल्या काही मिनिटांतच, १९९८ सालच्या ग्वाटेमालात, एक टर्मिनेटर साराच्या डोळ्यांदेखत किशोरवयीन जॉनला गोळ्या घालतो.

या दृश्यावर सर्वांत जास्त भांडणं झाली. अनेक चाहत्यांना तो विश्वासघात वाटला. ज्या मुलाला वाचवण्यासाठी दोन चित्रपट झटले, त्याला तिसऱ्याच्या सुरुवातीला इतक्या सहज कसं मारलं? समीक्षकांमध्ये यावर दोन मतं होती. काहींना ते धाडस वाटलं, काहींना फक्त धक्का देण्यासाठी केलेली युक्ती. माझ्या मते चूक जॉनला मारण्यात नव्हती. त्या मृत्यूतून एक नवी सारा मिळते. ती जगाला वाचवून बसली आहे, पण जगात कुणालाच ते माहीत नाही, आणि ज्याच्यासाठी वाचवलं तोच उरलेला नाही. लिंडा हॅमिल्टन २८ वर्षांनी या भूमिकेत परतली. तिचा कोरडा, थकलेला, खुनशी आवाज हा या चित्रपटातला सर्वांत खरा भाग आहे. ज्या समीक्षकांना चित्रपट आवडला नाही, त्यांच्यातल्याही अनेकांनी तिचं कौतुक केलं.

चूक त्यानंतर झाली. एवढी मोठी किंमत मोजल्यावर चित्रपटाकडे सांगायला वेगळी गोष्ट हवी होती. ती नव्हती. आधीच्या भागांतल्या स्कायनेट या शत्रू यंत्रणेच्या जागी 'लीजन' नावाची दुसरी यंत्रणा आली. जॉनच्या जागी मेक्सिको सिटीतली दानी रामोस आली. तिला मारायला भविष्यातून एक यंत्र आलं आणि तिला वाचवायला भविष्यातून ग्रेस नावाची योद्धा आली. नावं बदलली, आराखडा तोच राहिला. साराने टाळलेलं भविष्य दुसऱ्या नावाने परत येतं, यात एक भेदक विचार दडलेला आहे: माणूस घातक यंत्र एकदा बनवतो, मग पुन्हा बनवतो, कुणी थांबवलं तरी. चित्रपट या विचाराला हात लावतो आणि पाठलागाकडे वळतो. दानी कारच्या कारखान्यात काम करते आणि तिथे तिच्या भावाच्या जागी यांत्रिक हात बसवला जातो. हा धागा आजच्या जगाशी थेट जोडलेला होता आणि तो पहिल्या पंधरा-वीस मिनिटांतच सुटून जातो. मला या चित्रपटाबद्दल सर्वांत जास्त वाईट वाटतं ते याचं.

बाकीची मतं थोडक्यात सांगता येतील. महामार्गावरचा सुरुवातीचा पाठलाग बहुतेकांना आवडला. मॅकेन्झी डेव्हिसची ग्रेस आवडली. श्वार्झनेगरचं यंत्र इथे कार्ल नावाने कुटुंब करून पडद्यांचा व्यवसाय करतं. त्यावर काही जण खूश होते, तर काहींना तो विनोद कथेच्या दुःखाशी विसंगत वाटला. उत्तरार्धातली विमानातली आणि पाण्याखालची मारामारी अंधारी आणि संगणकी चित्रांनी कोंदलेली होती, ही तक्रार मात्र बऱ्याच जणांनी केली. १९९१ च्या भागात संगणकी दृश्यं मोजकी होती, म्हणूनच वितळणारा धातूचा माणूस पाहून लोक थक्क झाले. तंत्र महाग होतं, तेव्हा ते जपून वापरलं गेलं. २०१९ मध्ये पडद्यावर काहीही दाखवता येत होतं, आणि त्यामुळेच शरीराला इजा होते आहे असं वाटणं नाहीसं झालं.

हा सगळा वाद चालू असताना आणखी एक आवाज होता, तो वेगळा ठेवला पाहिजे. चित्रपटाच्या केंद्रस्थानी तीन स्त्रिया आहेत हे पहिल्या छायाचित्रातूनच कळलं आणि काही जणांनी चित्रपट पाहण्याआधीच त्याच्याविरुद्ध मोहीम उघडली. ती समीक्षा नव्हती, कारण तिला चित्रपट पाहण्याची गरजच पडली नव्हती. मात्र चित्रपटावरची प्रत्येक तक्रार याच खात्यात टाकणंही चूक आहे. जॉनच्या मृत्यूने दुखावलेला चाहता आणि स्त्री नायिका नको म्हणणारा माणूस एकच नव्हे. चित्रपट येण्याआधीच, २०१९ च्या वसंतात, 'रॉटन टोमॅटोज'ने प्रेक्षकांसाठी तिकीट घेतल्याची खात्री करून मत नोंदवण्याची सोय सुरू केली होती. न पाहता दिलेल्या मतांचा त्रास तोपर्यंत एवढा वाढला होता.

आता तिकीटबारीकडे येऊ. चित्रपट न पाहता घरी राहिलेल्यांचं मत कोणत्याच आकड्यात येत नाही. 'सिनेमास्कोअर' ही संस्था प्रदर्शनाच्या पहिल्या दिवशी अमेरिकेतल्या चित्रपटगृहांतून बाहेर पडणाऱ्या प्रेक्षकांना श्रेणी द्यायला सांगते. 'डार्क फेट'ला बी प्लस मिळाला. 'जेनेसिस'लाही बी प्लसच मिळाला होता. आणि २०१५ चा 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड', जो समीक्षकांनी डोक्यावर घेतला, 'रॉटन टोमॅटोज'वर ९७ टक्क्यांना गेला, दहा ऑस्कर नामांकनं आणि सहा ऑस्कर घेऊन आला, त्यालाही बी प्लस! तीन चित्रपट, तिन्ही उशिराचे सिक्वेल, समीक्षकांची मतं तीन टोकांना आणि पहिल्या दिवशीच्या प्रेक्षकांची श्रेणी एकच. पहिल्या दिवशी जाणारे प्रेक्षक बहुतेक करून आधीपासूनचे चाहते असतात. आवडावा अशा इच्छेनेच ते तिकीट काढतात, म्हणून बी प्लस ही साधारण श्रेणी समजली जाते. जे आलेच नाहीत त्यांच्याबद्दल ती काहीच सांगत नाही, आणि 'डार्क फेट'चं नशीब तर न आलेल्यांनी ठरवलं. अमेरिकेत पहिल्या तीन दिवसांत २.९ कोटी डॉलर जमले. एवढ्या खर्चाच्या चित्रपटासाठी ही रक्कम फारच तोकडी होती.

का आले नाहीत? इथे मालिकेचा मालकीचा इतिहास पाहावा लागतो. परीक्षणांत तो क्वचितच येतो, पण त्याच्याशिवाय हे कोडं सुटत नाही. दुसरा भाग बनवणारी कॅरोल्को कंपनी १९९५ मध्ये दिवाळखोरीत गेली. तिसऱ्या भागानंतर हक्क २००७ मध्ये हॅल्सिऑन नावाच्या कंपनीने घेतले, 'सॅल्व्हेशन' काढला आणि २००९ मध्ये तिनेही दिवाळखोरी जाहीर केली. २०१० मध्ये पॅसिफिकॉर या गुंतवणूक संस्थेने ते हक्क २.९५ कोटी डॉलरना विकत घेतले. पुढच्या वर्षी ते मेगन एलिसनकडे गेले आणि अखेर तिचा भाऊ डेव्हिड एलिसन याच्या स्कायडान्सकडे आले. 'जेनेसिस' आणि 'डार्क फेट' त्यांचेच. दर काही वर्षांनी हक्क हात बदलत राहिले, आणि नव्या मालकाला आधीच्याचं कथानक पुढे नेण्यात रस नसे. त्याला स्वतःची तीन चित्रपटांची नवी मालिका हवी असे. 'सॅल्व्हेशन' ही तशी सुरुवात होती. 'जेनेसिस'च्या पुढच्या दोन भागांच्या तर २०१७ आणि २०१८ मधल्या तारखाही जाहीर झाल्या होत्या. 'डार्क फेट'मागेही तोच बेत होता. यातली एकही मालिका पहिल्या भागापलीकडे गेली नाही.

प्रेक्षकांच्या बाजूने हे पाहा. त्यांना तीनदा सांगितलं गेलं की ही नवी सुरुवात आहे, आणि आधीच्या दोन्ही वेळी त्यांना अर्धीच गोष्ट मिळाली होती. त्यातही २०१५ मध्ये खुद्द कॅमेरॉनने 'जेनेसिस'ची भलामण करताना हा आपल्या दृष्टीने तिसरा चित्रपट आहे, असं म्हटलं होतं. चार वर्षांनी तोच कॅमेरॉन निर्माता म्हणून परतला आणि आता 'डार्क फेट' हा खरा तिसरा भाग ठरला. इतकी वर्षं वाट पाहणाऱ्याला एकच शब्द दोनदा दिला गेला. दुसऱ्यांदा त्याने विश्वास ठेवला नाही, यात त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

म्हणूनच एखाद्या सिक्वेलची पहिल्या आठवड्याची कमाई बरेचदा आधीच्या भागाबद्दलचा निकाल असते. 'जेनेसिस'ला मिळालेल्या पैशात जुन्या नावाची पत होती, आणि चीनमधला मोठा वाटाही होता: तिथूनच ११ कोटी डॉलरच्या पुढे आले. 'डार्क फेट'ने 'जेनेसिस'ची उधारी फेडली. समीक्षक समोरच्या चित्रपटावर मत देतात, प्रेक्षक तिकीट काढताना मागच्या अनुभवावर. दोघांचे निकाल जुळले नाहीत तर त्यात नवल नाही.

याच्या शेजारी २०२१ चा 'द मॅट्रिक्स रेझरेक्शन्स' ठेवला की फरक आणखी स्पष्ट होतो. लाना वाचोव्स्कीने मूळ मालिकेनंतर १८ वर्षांनी तो केला. 'रॉटन टोमॅटोज'वर त्याला सुमारे ६३ टक्के मिळाले, 'डार्क फेट'पेक्षा कमी. पण 'मेटाक्रिटिक'वरही ६३, म्हणजे तिथे तो नऊ गुणांनी पुढे. वर दिलेला कल्पित हिशेब इथे प्रत्यक्षात दिसतो. या चित्रपटात मालिकेचा नायक निओ एक प्रसिद्ध गेम डिझायनर आहे, त्याच्यावर जुन्या यशाचा पुढचा भाग काढण्याचा दबाव आहे आणि तो आणणाऱ्या कंपनीचं, वॉर्नर ब्रदर्सचं, नाव संवादात सरळ घेतलं जातं. उशिरा येणारा सिक्वेल कशासाठी काढतात, हाच चित्रपटाचा विषय. काही समीक्षकांना तो मनापासून भावला, काहींना आत्ममग्न वाटला. मारामारीची दृश्यं पहिल्या चित्रपटाच्या जवळपासही जात नाहीत, यावर मात्र बऱ्याच जणांचं एकमत होतं. तोही तिकीटबारीवर पडला. तो त्याच दिवशी अमेरिकेत घरबसल्या स्ट्रीमिंगवरही उपलब्ध होता आणि साथीचा काळ सुरू होता, त्यामुळे त्याच्या आकड्यांवरून फार काही ठरवता येत नाही. तरी ज्यांना तो आवडला ते आजही त्याच्यासाठी भांडतात. 'डार्क फेट'साठी इतक्या त्वेषाने भांडणारे फारच थोडे आढळतात.

आणि 'फ्युरी रोड'ने काय वेगळं केलं? जॉर्ज मिलरने आधीचा भाग १९८५ मध्ये केला होता, म्हणजे मध्ये तब्बल ३० वर्षं गेली. त्याने जुन्या भागांची उजळणी केली नाही, कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा याचा खुलासा केला नाही, जुन्या नायकाला परत आणण्याचा हट्टही धरला नाही. मॅक्सच्या भूमिकेत टॉम हार्डी आला आणि चित्रपटाचं केंद्र चार्लीझ थेरॉनच्या फ्युरिओसाकडे गेलं. तिथेही नायिकाच पुढे होती, पण तिच्यासाठी कुणाला पहिल्या पाच मिनिटांत मारावं लागलं नाही. मालिकेची मूळ मांडणीच मोकळी होती: उजाड जग, एक भटका, दर वेळी नवी माणसं. अशा मालिकेला उशीर फारसा बाधत नाही. 'टर्मिनेटर' एका आईच्या आणि मुलाच्या गोष्टीला घट्ट बांधलेली आहे, म्हणून तिला उशीर जड जातो. समीक्षकांनी 'डार्क फेट'मध्ये जी पुनरावृत्ती दाखवली तिचं मूळ इथे आहे. दिग्दर्शक टिम मिलरच्या जागी दुसरा कुणी असता तरी हा पेच सुटला नसता.

कॅमेरॉनने २०२२ मध्ये या अपयशाबद्दल सांगितलं, त्याचा आशय असा होता: चित्रपट बिघडला नव्हता, लोक आले नाहीत. लिंडा हॅमिल्टन आणि श्वार्झनेगर दोघांनाही एकत्र आणल्यामुळे तरुण प्रेक्षकांना तो आजोबांच्या काळातला चित्रपट वाटला असावा. यातलं पहिलं निम्मंच मला पटतं. हॅमिल्टन नसती तर त्या सत्तरमधले कितीतरी टक्के गेले असते.

पुढे २०२४ मध्ये नेटफ्लिक्सवर 'टर्मिनेटर झिरो' ही जपानी ॲनिमे मालिका आली. घटना १९९७ च्या टोकियोत घडते, सारा नाही, जॉन नाही, श्वार्झनेगरचा चेहराही नाही, सगळी माणसं नवी. समीक्षकांनी तिचं 'डार्क फेट'पेक्षा जास्त मोकळेपणाने स्वागत केलं. एका पर्वानंतर ती बंद झाली, कारण पाहणारे पुरेसे नव्हते.